खाडीपलीकडच्या मुलांचं दुपारचं जेवण

नव्वदच्या दशकात दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आमच्या गावची मंडळी कुवेतला, मिरकाबमधल्या माझ्या खोलीवर जमायची. गावच्या मदरशाला काय पाठवायचं आणि रजेवर निघालेल्या कोणाच्या बॅगेत काय घालायचं, हे मी ठरवायचो. चादरी, टोप्या, टेबलफॅन. सगळं तिथे राहून शिकणाऱ्या मुलांसाठी.

एकदा फोनवर माझी विधवा बहीण म्हणाली, "भाई, राहणाऱ्यांना चादरी पाठवता. घरी परतणाऱ्यांकडे कोण बघणार?"

तिचा मुलगा खाडीपलीकडून मदरशात येऊन हिफ्ज करत होता, म्हणजे कुराण पाठ करत होता. मदरशाचं जेवण फक्त राहणाऱ्यांना. बाकीची पाच-सहा मुलं दुपारी होडीने घरी जेवायला जात आणि परतीची होडी वेळेवर मिळत नसे. दुपारचा सबक बुडायचा.

"मौलवीसाहेब म्हणतात, इथे ठेवा नाहीतर हिफ्ज सोडवा. त्याला तिथे ठेवला तर रात्री घरात मी एकटी."

शुक्रवारी मी विषय काढला. मदरशाजवळ आम्हा बहुतेकांची घरं होती. इमामसाहेबांचं जेवण जसं घराघरातून पाळीने जातं, तशी या मुलांची पाळी लावायची. सगळे लगेच तयार झाले आणि सगळ्यांनी शुक्रवारच मागितला.

"शुक्रवारी आमच्याकडे बिर्याणी असते," किराणा दुकानात कामाला असलेले चाचा म्हणाले.

"शुक्रवारी मदरसा बंद असतो, चाचा," मी म्हणालो.

मग वार मीच वाटले आणि रजेवर जाणाऱ्याबरोबर कागद पाठवला. पंधरवड्याने बायकोला फोन केला.

"कागद मिळाला," ती म्हणाली. "तुम्ही जिला मंगळवार दिलात, ती मंगळवारी बाजाराला जाते. आणि रोज नव्या दारात उभं राहायला पोरं लाजतात. आम्हाला विचारलं होतंत का कोणी?"

"मग आता?"

"आता काय, सगळी आपल्या पडवीत जेवतात. बाकीच्या बायका कालवण आणून देतात. तुमच्या भाच्याला वाढता वाढता हात दुखतो माझा."

"तांदूळ पाठवू?"

"तो लांब तांदूळ राहू दे तिकडेच. मोठं पातेलं पाठवा."

पातेलं मी त्याच आठवड्यात घेतलं. न्यायची पाळी त्या बिर्याणीवाल्या चाचांची होती. "बॅगेत मावत नाही. मीच यात बसून जाऊ का?" असं कुरकुरत त्यांनी ते नेलं.

पुढच्या रजेत एका दुपारी मी मदरशात गेलो. जेवणं उरकली होती. खिडकीतून पाहिलं तर भाचा मौलवीसाहेबांसमोर डोळे मिटून, डुलत पाठ म्हणत होता. मी आत गेलो नाही. होडीने पलीकडे जाऊन बहिणीकडे चहा प्यायलो. संध्याकाळी तो घरी आला आणि मला सलाम करून आधी विहिरीवर पाणी भरायला गेला.