रस्सा ऐकणारी कलथूम

लग्न होऊन बेटावर आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी रोहायूने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन्ही बरण्या सारख्याच होत्या. नवऱ्याने पहिला घोट अंगणात थुंकला. शेजारचा म्हातारा नावाडी पोक दोला खोकून खोकून लाल झाला. "अगं पोरी, समुद्र समोर पसरलाय की! तो पेल्यात कशाला ओतलास?" सासूने, कलथूमने, मात्र सगळा पेला शांतपणे संपवला आणि म्हणाली, "छान झालाय."

हा टोमणाच, असं रोहायूला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कलथूमच्या हातची नासी दागांग खायला लोक समोरच्या किनाऱ्यावरून होडी करून यायचे. नारळाच्या दुधात वाफवलेला लालसर भात, त्यात मेथीचे दाणे, आलं नि बारके कांदे. वर कुपा माशाचा दाट रस्सा, कडेला काकडीचं लोणचं. सुट्टीला आलेल्या पाहुण्याने धक्क्यावर "इथं खायचं काय?" असं विचारलं, की कोणीही न बोलता कलथूमच्या छपरीकडे हनुवटी उडवायचा. सकाळी नवाच्या आत पातेली रिकामी.

रोहायू वर्षभर तिच्या हाताखाली राबली. तिला दोन गोष्टींचं नवल वाटे. कलथूम रस्सा कधी चाखून बघत नसे. आणि पहिलं पान रोज पोक दोलाला वाढून, तो जेवत असताना त्याच्याकडे टक लावून बसे.

"मोक," रोहायूने एकदा चेष्टा केली. तिकडे आईला मोक म्हणतात. "पोक दोलावर डोळा आहे की काय तुमचा?"

"त्याच्या पाण्याच्या पेल्यावर आहे," कलथूम म्हणाली आणि पुन्हा मिरच्या वाटायला लागली.

मग एका उकाड्याच्या सकाळी रोहायू मासे धुऊन आत आली, तर दारातच आंबूस भपकारा आला. नारळाचं दूध नासलं होतं. कलथूम तेच भांडं उचलून पातेल्यात ओतायच्या बेतात होती.

"मोक, थांबा! नासलंय ते! वास येत नाही का?"

कलथूमचा हात हवेतच थांबला. तिने भांडं हळूच खाली ठेवलं.

"नाही येत," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. तापात पडले होते, तेव्हा वास गेला, चवही गेली. परत आली नाहीत."

"म्हणजे तो मिठाचा चहा..."

"गरम होता. तेवढंच कळलं."

रोहायूने ते भांडं उचलून बाजूला ठेवलं. चार वर्षं सगळं बेट बोटं चाटत होतं, आणि करणारीच्या जिभेला त्यातलं काही म्हणजे काही लागत नव्हतं!

"मग कोणाला का नाही सांगितलंत?"

"आंधळ्याच्या होडीत कोण बसतं गं?"

मग तिने सगळं सांगितलं. मीठ मुठीच्या मापाने. आंबट सुक्या फोडी, आपल्या आमसुलासारख्या, मोजून. पोक दोलाने तिसऱ्या घासाच्या आत पाणी घेतलं तर मीठ चढलंय; जेवून बोटं चाटली नाहीत तर कमी पडलंय. आणि बाकी सगळं कानाने.

"कानाने?"

कलथूमचा नवरा जुसोह, जो आता हयात नव्हता, मासे ऐकणारा होता. होडीची कड धरून समुद्रात उतरायचा, डोकं बुडवायचा आणि पाण्याखाली गुरगुरणाऱ्या ढोमा माशांचा थवा कुठे आहे, केवढा आहे ते ऐकून सांगायचा. त्याच्या शब्दावर जाळी पडत. "मलाही एकदा नेलं होतं पाण्यात. मला नुसती गुरगुर. तो म्हणाला, कान सगळ्यांनाच असतो, आधी आतून गप्प व्हावं लागतं." कलथूमने चुलीकडे बोट केलं. "आता बुडबुडे ओले बोलताहेत. तेल सुटलं की आवाज बारीक होईल, कोरडा. मसाला कच्चा असला की मध्येच अडखळतो."

रोहायूने डोळे मिटून ऐकलं. तिला नुसतं रटरटणं ऐकू आलं.

त्या दिवसापासून मीठ आणि दूध रोहायूकडे आलं. पोक दोलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. "हल्ली म्हातारी माझ्याकडे बघतसुद्धा नाही," अशी तक्रार तो धक्क्यावर करत असे.

तीन वर्षांनी गावात मोठं लग्न निघालं. सगळं बेट जेवायला. नारळीखाली एका रांगेत पाच मोठाली पातेली चढली. बायका कांदे चिरत होत्या, पोरं ओरडत होती, कुठेतरी ढोल वाजत होता. कलथूम चुलींकडे पाठ करून पानं पुसत बसली होती. गप्पा मारता मारता, मान न वळवता ती म्हणाली, "दुसरं उतरवा. चौथ्याचा जाळ काढा, खाली धरतंय."

पुरुषांनी हसत हसत झाकणं उघडली. दुसऱ्या पातेल्यावर लाल तेल आरशासारखं पसरलं होतं. चौथ्याच्या तळाला डाव लागला तेव्हा रस्सा धरायला नुकती सुरुवात झाली होती. हसणं थांबलं. पोक दोलाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ही आपली सासू, रोज आपल्याशी मिरच्यांवरून भांडणारी, हिच्या कानात काय आहे ते आपल्याला जन्मभर कळायचं नाही, असं रोहायूला वाटलं.

पंगती उठल्यावर दोघी समुद्राकडे तोंड करून बसल्या. रोहायूचं आठ महिन्यांचं बाळ कलथूमच्या मांडीवर झोपलं होतं.

"मोक, चवीची आठवण येते का हो?"

"रश्शाचं काही नाही," कलथूम म्हणाली. "पण हा झाला, तू माझ्या हातात दिलास, मी टाळूवर नाक टेकवलं आणि काहीच आलं नाही. त्या दिवशी मागच्या दारी जाऊन रडले."

रोहायूने वाकून बाळाची टाळू हुंगली. "दुधाचा येतो," ती म्हणाली. "जरासा आंबूस. आणि... उन्हात वाळलेल्या कपड्याचा. कानामागे घामाचा, पण गोड."

कलथूमने डोळे मिटले होते.

"सावकाश सांग," ती म्हणाली.