तिसऱ्या घंटेनंतर

शालीला येणारा डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला, की मला मोताळ्याच्या समाजमंदिरातला तो प्रयोग आठवतो. आमच्या हौशी मंडळाच्या प्रत्येक नाटकाआधी पुढाऱ्याचा सत्कार व्हायचाच. त्या दिवशी पुढारी वेळेवर आलेच नाहीत, म्हणून आम्ही तिसरी घंटा देऊन पडदा उघडला. पांढऱ्या चादरीखाली माझा सासरा मेलेला, मी सून होऊन उशाशी रडते आहे, समोरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावलेले, आणि मंडळाचे अध्यक्ष शाल-नारळ घेऊन थेट रंगमंचावर. "ताई, थांबवा न जराकसं, भाऊ आले!" त्यांच्यामागून पुढारीही जोड्यांसकट वर चढले. माझं डोकंच फिरलं. तरी मी सुनेच्याच रडक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, घरात मयत हाय. जोडे काढा अन् खाली बसा." त्यांनी मुकाट्यानं जोडे काढले आणि प्रवेश संपेपर्यंत मयताशेजारी मान खाली घालून बसले. पुढच्या वर्षी आम्हाला समाजमंदिर मिळालं नाही. आम्ही बाजाराच्या ओट्यावर खेळलो. आता त्याच समाजमंदिरात, नव्या नाटकाआधी, माझा सत्कार ठरलाय म्हणे. मी निरोप धाडलाय: तिसऱ्या घंटेच्या आत उरका, नाहीतर शाल घरी न्या.