ओटीतली पिवळी

"कालचं काल," असं म्हणत बाई कोमेजलेलं फूल देठाशी किंचित पिळून खुडायच्या. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी, पदर कमरेला खोचून, एका हातात चहाचा कप धरून हे काम चाले. खुडलेली फुलं प्लास्टिकच्या टोपलीत पडत आणि बाई त्यांच्याकडे पुन्हा बघत नसत. शेजारच्या दांड्यावर आजचं नवं फूल उमललेलं असे. त्याच्यासमोर मात्र चहा गार होईपर्यंत उभ्या राहत.

तुम्ही पिंप्राळ्यात राहत असाल तर ते अंगण तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या कॉलनीत लोक अंगणात फरशी घालतात आणि तिच्यावर स्कूटर लावतात. बाईंनी स्कूटर गल्लीत उभी केली आणि अंगण लिलीला दिलं. नर्सरीवाले हिला डे लिली म्हणतात. गवतासारखी लांब पात, मधून उंच दांडा, दांड्यावर कळ्यांचा घोस आणि प्रत्येक फुलाला एकच दिवस. जळगावच्या उन्हात शहाण्या माणसाने असली हौस करू नये, असं मी त्यांना सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. मी त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्या विज्ञान शिकवत. राहायला भिंतीला भिंत. त्यामुळे त्यांचं उत्तर मला शाळेतही ऐकावं लागलं आणि घरीही.

"सर, तुम्हाला फुलात रंग दिसतो," त्या म्हणाल्या. "मला कूळ दिसतं."

हे कूळ प्रकरण काय आहे ते मला हळूहळू कळत गेलं. लिलीचं मूळ चीन-जपानकडच्या डोंगरातलं. तेव्हा तिच्याकडे पिवळा, नारिंगी आणि फार तर विटकरी एवढेच रंग होते. मग साहेबाच्या देशात काही हौशी लोकांनी एकीचा पराग दुसरीला लावायला सुरुवात केली. त्यातल्या अगदी पहिल्यांपैकी एक जण शाळामास्तर होता, हे सांगताना बाईंची मान ताठ होई. गुलाबी रंग यायला माणसांच्या पिढ्या गेल्या. पुढे कुणीतरी कळलावीच्या कंदात असतं तसलं विष रोपांना देऊन त्यांची गुणसूत्रं दुप्पट केली आणि जाड पाकळ्यांच्या, झालरीवाल्या लिल्यांचा जमाना आला. या झालरीवाल्यांना बाई करवल्या म्हणत. त्यांच्या अंगणात करवल्या नव्हत्या. असायच्या त्या सगळ्या जुन्या, बारीक पाकळ्यांच्या, दोन पाकळ्यांमधून पलीकडची भिंत दिसेल अशा. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून बाई विचारत.

त्या स्वतःही सोयरिकी जुळवत. ऊन चढलं की पराग मरतो, म्हणून अगदी सकाळी एका फुलातला केसर चिमट्याने काढून दुसऱ्याला लावत आणि देठाला लोकरीचा धागा बांधत. लाल धागा म्हणजे बाप अमका, हिरवा म्हणजे तमका. बोंडातून मिऱ्यासारखं काळं बी निघे, ते रुजे, आणि फूल दिसायला वर्षं थांबावं लागे. फूल दिसलं की बहुतेक रोपं उपटली जात. वर्गात काठावरच्या पोराला ढकलून पास करणारी ही बाई इथे मात्र फार कडक होती. मी एकदा उपटलेल्या रोपाची बाजू घेतली तेव्हा त्यांनी ते माझ्याच हातात दिलं. ते अजून माझ्याकडे आहे आणि खरंच सामान्य आहे.

बाई माहेरच्या सावद्याच्या, केळीच्या घरातल्या. केळीच्या बुडाशी जे कोंब फुटतात त्यांना तिकडे पिल म्हणतात. लिलीच्या बुडाशीही तसेच कोंब येतात आणि बाई त्यांनाही पिलच म्हणत. बी पेरलं की दर वेळी नवं झाड होतं, बरंवाईट काहीही. पण पिल काढून लावलं तर ते नवं झाड नसतंच, ते तेच जुनं झाड असतं, हे त्यांनी मला एकदा समजावलं. मी म्हटलं, म्हणजे मुलगी. "मुलगी नाही, सर. तीच," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ज्या झाडासमोर आम्ही उभे होतो, ते त्यांच्या अंगणातलं सगळ्यात जुनं, पिवळी. बाईंचे यजमान भुसावळला रेल्वेत होते. तिथल्या एका साहेबी बंगल्याची पाडापाडी चालली होती तेव्हा हौदामागून बाईंनी ही उचलून आणली. झाडाजवळ पत्र्याची पट्टी होती, पण तिच्यावरचं नाव गंजून गेलं होतं. नाव गेलं तरी कूळ कसं ओळखायचं ते बाईंनी मला दाखवलं. ही संध्याकाळी उमलते आणि हिला वास आहे, म्हणजे एका बाजूने ती रात्री फुलणाऱ्या पिवळ्या रानलिलीकडची. मग त्यांनी फूल हलकेच उलटं केलं. पाकळीच्या पाठीवर तपकिरी लाली होती, बोट पुसल्यासारखी. ही लाली नारिंगी रानलिलीकडची, आणि आमच्या उन्हात बारा महिने हिरवं राहण्याचा गुणही तिच्याकडूनच आलेला.

मी रंगाचा माणूस. ती लाली मी घरी जाऊन कालवून पाहिली. लिंबू पिवळ्यात भाजक्या मातीच्या रंगाने भरलेलं ब्रशचं टोक बुडवलं तेव्हा कुठे जवळपास आली. ब्रश धुताना माझ्या मनात आलं की दूर कुठल्यातरी बागेत, कुणी एका माणसाने एका सकाळी एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावला. तो माणूस गेला, त्याची बाग गेली, आणि ज्या रोपाला त्याने पहिल्यांदा पाहिलं ते रोप आत्ता माझ्या भिंतीपलीकडे उभं आहे. त्याच्यासारखं दुसरं रोप नव्हे, तेच. मी फार देवभोळा नाही, पण त्या दिवशी हात आपोआप जोडले गेले होते हे खरं आहे.

आता ओटीचं सांगायला हवं. बाईंचे यजमान फार लवकर गेले. आपल्याकडे विधवेने कुणाची ओटी भरू नये असं मानतात. बाई हे मानत नसत. गल्लीतली मुलगी लग्न होऊन निघाली की त्या गहू, खोबऱ्याची वाटी आणि खण घेऊन हजर, आणि वर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लिलीचं एक पिल. कुणी कुरकुर करे, कुणी पुढच्या नळावर जाऊन ते पिल टाकून देई. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्या आईने आधी जमलेल्या बायकांकडे पाहिलं. मग तिने माझ्या बहिणीला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. त्या दिवशी बाईंनी पिवळीचं पिल दिलं. पिवळी त्या कुणाला देत नसत. बहिणीला सासर मिळालं धुळ्याचं, आणि त्या पिलाचं पुढे काय झालं हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, मीही झालो. एका वैशाखात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगी त्यांना काही दिवसांसाठी पुण्याला घेऊन गेली. झाडं सांभाळायला सावद्याहून त्यांचे भाऊ आले, आप्पा. भला माणूस, दिवसभर रिकामं बसणं त्यांना जमेना. केळीच्या बागेत पिलं वाढू देत नाहीत. ती आईचं बळ खातात आणि घड बारीक पडतो, म्हणून विळ्याने बुडाशी कापत राहतात. जन्मभर हे केलेल्या माणसाने बहिणीच्या अंगणात तेच केलं. प्रत्येक झाडाची सगळी पिलं कापली, एकेक आई ठेवली, आळी केली आणि केळीला देतात तसं भरपूर पाणी सोडलं. कापलेलं सगळं गल्लीतल्या शेळ्यांनी खाल्लं. मी गच्चीवरून बघत होतो आणि माणूस किती मन लावून काम करतोय म्हणून मला कौतुकच वाटत होतं.

बाई आल्या. आप्पांनी अभिमानाने अंगण दाखवलं. "अक्का, पिलं काढून टाकली बरं सारी. आता पाह्य माय कशी जोमात येते."

बाईंनी हिरवा चष्मा काढला, वाकून एकेक झाड बघितलं. बाकीची तग धरून होती. पिवळीची पात हाताला लागताच वर आली, खाली सगळं सडलं होतं. उन्हात पाणी तुंबलं की लिलीचा बुंधा असाच जातो. आप्पांना काहीतरी चुकलंय एवढं कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईंनी हात पदराला पुसले.

"केळीले बरोबर केलं तू, आप्पा," त्या म्हणाल्या. "तुह्यी काही चूक नही." मग त्या त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतर बाई सकाळी अंगणात यायच्या, फुलं खुडायच्या, पण "कालचं काल" म्हणायच्या बंद झाल्या. तेवढं मला भिंतीपलीकडून ऐकू येत नसे आणि तेच फार जाणवे. मी म्हटलं, एवढ्या मुलींना पिलं दिलीत, माझ्या बहिणीला तर पिवळीच दिलीत, फोन लावू का. त्यांनी मान हलवली. "ओटीत घातलेलं परत मागत नसतात, सर," एवढंच म्हणाल्या. विज्ञानाच्या बाईंनी हे एक मात्र मानलेलं होतं.

मग मी बाईंना न सांगता धुळ्याची बस पकडली. देवपुरात बहिणीचं घर. बहीण म्हणाली, सासूबाईंनी ते कधीच मागे फेकून दिलं. सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "बठ्ठं आंगन खाई टाकं त्या गवतनी." सगळं अंगण गिळणारं ते गवत बघायला मी मागच्या दारी गेलो. पाण्याची टाकी जिथे झिरपते तिथे, मोरीच्या कडेने, भिंतीच्या सावलीत, आडवी पसरलेली गर्द हिरवी पात. कळ्याही होत्या. मी उलट्या बादलीवर बसून राहिलो. ऊन उतरलं तशी एक कळी सैल झाली आणि आमच्या बोलण्या-बोलण्यात उमलली. मी फूल उलटं केलं. पाठीवर ती तपकिरी लाली होती. मी ते तसंच हातात धरून बसलो. बहिणीला वाटलं उन्हाचा त्रास झाला, ती पाणी घेऊन आली.

सगळी हकीकत ऐकल्यावर तिने मला पिल द्यायला नकार दिला. बाईंनी मागितलेलं नाही, तर ती परत करणार नव्हती. ती स्वतः माहेरी यायचं म्हणाली.

पुढच्याच रविवारी ती आली. नवी साडी नेसलेली, हातात ताट. ताटात गहू, खोबऱ्याची वाटी, खण आणि ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी. बाईंना तिने पाटावर बसायला सांगितलं तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या. यजमान गेल्यापासून कुणी त्यांची ओटी भरली नव्हती. "माझी नाही भरत गं कुणी," त्या म्हणाल्या.

"माझी भरताना तुम्ही कुणाला विचारलं होतं?" बहीण म्हणाली.

बाई बसल्या. त्यांनी पदर पसरला. बहिणीने ओंजळीने गहू घातले, खोबरं घातलं, खण घातला आणि सगळ्यात शेवटी ती गुंडाळी. कागद सुटला आणि पात बाहेर आली. बाईंनी ती ओळखायला फूल मागितलं नाही. दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून त्या रडल्या आणि मी, निवृत्त माणूस, दाराच्या चौकटीला धरून उभा राहून रडलो.

पुढच्या वर्षी पिवळी फुलली. बाई संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसत आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून "कालचं काल" पुन्हा ऐकू येई. त्या गेल्या तेव्हा माझ्याकडच्या बाजूला भिंतीला लागून शेवटी शेवटी त्यांनीच आणून लावलेली ती ओटीतली पिवळी चांगली भरली होती. त्यांचं घर विकलं गेलं, अंगणात फरशी आली. माझ्याकडची पिवळी रोज संध्याकाळी उमलते. मिटलेलं फूल खुडताना मला ते दोन शब्द म्हणवत नाहीत.

या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे. बहिणीचा फोन आला, दादा, एक पिल काढून ठेव. मी आज सकाळी माती मोकळी केली, गड्डा वर काढला, धुतला आणि फरशीवर मांडला. बाईंच्या ओटीत आलेलं मूळचं पिल यातलं कोणतं, ते तेवढं आपल्याकडे ठेवू, असं मनात होतं. मी बराच वेळ एकेक उचलून बघितलं. मला ओळखता आलं नाही.