मामाजींचा खोकला

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. ते ओसरीवरून आत येण्याआधी खोकत. आजाराचा नव्हे हो तो खोकला. सुनांनी डोईवर पदर घ्यावा, त्याची ती सूचना. ऐकला की आम्ही दोघी जावा चुलीपुढं सावरून बसायचो.

त्या दिवशी थोरली जाऊ कापूस वेचून आली अन् उंबरठ्यावरच डोकं धरून बसली. "कुऱ्हाड घातल्यावानी झालं वं," म्हणाली, अन् ओकली. मी दृष्ट काढली, कपाळाला सुंठ लावली, वरून फडकं आवळलं. ते तिनं ओरबाडून फेकलं. मान लाकडासारखी ताठली.

मलकापूरहून डॉक्टर आणले. ते म्हणाले, डोक्यात आतल्या आत रक्त फुटलंय. अंधारात निजवा, हलवू नका, आवाज नको. पुन्हा फुटलं तर वाचायची नाही. कण्यात सुई घालून त्यांनी पाणी काढलं, ते लालसर आलं. त्यानं ती जराशी निवली. दुखण्यावर थेंब दिले, ते मी पाण्यातून पाजायची.

पण डोक्याला पदराचंही ओझं सोसेना. मामाजी खोकले की ती भिंतीकडे तोंड करी. "खोकला नाही वं, तोफ हाये," डोळे मिटूनच म्हणाली. मी हसले, हसायचं म्हणून.

मामाजींना सांगणार कोण? मीच पदराआडून बोलले, "बाईले पदर सोसत नाही. तुमचा खोकलाही सोसत नाही."

ते तसेच मागे फिरले. त्या दिवसापासून गोठ्यातच जेवू लागले, निजू लागले. बैलांच्या घंटा काढून ठेवल्या. खरोखरचा खोकला आला तर तोंडात उपरणं कोंबून शेताकडे जात. "कशी हाये?" हे मला दुरून खुणेनं विचारत.

ती थोडं थोडं खाऊ लागली. एका सकाळी म्हणाली, "आज हलकं वाटते." मी भाकरी थापायला गेले. परत आले तर डोळे उघडे होते अन् ती नव्हती.

मला रडू आलं नाही. ती सकाळ म्हटली की आजही हाताला लागलेलं पीठच आठवतं. त्याच हातानं मी तिच्या डोईवर पदर घातला. दारात मामाजी उभे होते, उपरणं तोंडाशी धरून. आत यावं की नाही, कळेना त्यांना.

मी म्हटलं, "या मामाजी. आता खोकलं तरी चालते."

त्यांनी उपरणं काढलं नाही.