धुरपताबाईचा पॉइंट

सटवाजी गुरुजींनी धुरपताबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती भर दुपारी बुद्धवाड्याच्या तोंडाशी, डोक्यावर पदर घेऊन भुईवर बसली होती. लिंबाची सावली चार पावलांवर होती, तरी ही उन्हातच.

"बाई, इथं का बसलात?"

"पॉइंट हाय, गुरुजी. उठले की गेला."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळानं निलंग्याकडची गावं वाळून गेली होती. शाळेत गुरुजी पॉइंट म्हणजे बिंदू असं शिकवत. त्याला लांबी नाही, रुंदी नाही. गावात मात्र त्या उन्हाळ्यात पॉइंट म्हणजे बोअर घ्यायची नेमकी जागा. 'पॉइंट दिला', 'पॉइंट पळवला' असं बायासुद्धा सर्रास बोलत. गावच्या विहिरीवर बुद्धवाड्याच्या घागरीत कुणी वरून ओतलं तरच पाणी पडे, आणि आता तर विहिरीचाच तळ दिसत होता.

सकाळी बोअरची जागा ठरवणाऱ्या सरकारी साहेबांनी इथं खुंटी ठोकून भोवती चुना टाकला. त्यांची जीप जाताच हणमंतराव पाटलांच्या गड्यानं खुंटी उपटली आणि पाटलांच्या खळ्यापाशी ठोकली. चुना पुसायला तो परत आला, तर त्यावर धुरपताबाई बसलेली.

गुरुजी तिथंच उभे असताना हणमंतराव स्वतः आले.

"धुरपते, ऊठ. पॉइंट तिकडं सरकलाय."

"सरकाया ती काय बाज हाय, मालक?"

जमलेल्या बाया फिसकन हसल्या. हणमंतराव हसले नाहीत. "माझ्या रानात कामाला यायचंय नव्हं तुला?"

ती हलली नाही.

तेवढ्यात बोअरची गाडी धुरळा उडवत आली. ड्रायव्हरला खुंटी दिसली, गाडी खळ्याकडे वळली. धुरपताबाई उठली तर गडी चुना पुसणार. नाही उठली तर मशीन तिकडं लागणार.

"गुरुजी, त्येला हिकडं आना! म्या उठत न्हाई!"

पाटलांची नजर पाठीवर घेऊन गुरुजी गाडीला आडवे गेले. "खुंटीभोवती चुना आहे का, एवढं बघा."

ड्रायव्हर उतरला. चुना नव्हता. तो बुद्धवाड्याकडे आला, तेव्हा कुठं धुरपताबाई बाजूला सरकली. विस्कटलेला चुना आणि मधोमध खुंटीचं भोक.

"खुंटी नेली," ती म्हणाली, "भोक कसं नेत्याल?"

दुसऱ्या दिवशी तिथंच पाणी लागलं. हणमंतरावांनी तिला पुन्हा कामाला बोलावलं नाही.

धुरपताबाई आता लातूरला लेकीकडं, पंचशीलाकडं राहते. पंचशीला दवाखान्यात नर्स आहे. सकाळी नातींचे डबे आजीच भरते.