दोघी थोरल्या

अबेओकुटा शहरातल्या इतोकू बाजारामागे निळीच्या रांजणांचं एक अंगण आहे. तिथे अवेरो कापड रंगवायची. हात कोपरापर्यंत निळे आणि जीभ तिखट. गल्लीतल्या नव्या सुना तिच्याकडे शिकायला यायच्या, पण रंगवणं नव्हे, बोलणं. वाटेत भेटलं की वेणी घालणारीला काय म्हणायचं, बाळंतिणीला काय, दुकान मांडून बसलेलीला काय, नुसत्याच बसलेल्या म्हाताऱ्याला काय! प्रत्येकाला वेगळं, आणि मोठ्यांना गुडघे टेकून. एखादी उभ्याउभ्या पुटपुटली की अवेरो विचारायची, "गुडघे काय माहेरी ठेवून आलीस?"

आणि हीच बाई आपल्या सख्ख्या जावेशी, सेगिलोलाशी, वर्षानुवर्षं एक अक्षर बोलली नव्हती.

त्या घराचा रिवाज असा, की जी सून आधी आली ती थोरली. अवेरो आधी आली. सेगिलोला मागून आली, पण वयाने चांगली मोठी. अवेरोच्या मुलाच्या बारशाला सेगिलोलाने भरल्या पाहुण्यांत, ताठ उभं राहून, "बाळ आलं, जिवावरचं टळलं" एवढं म्हटलं आणि ती भाताच्या टोपाकडे वळली. अवेरोचा पारा चढला.

"या घरात थोरली मी आहे!"

"तू पाळण्यात होतीस तेव्हा मी नदीवरून पाणी आणत होते!"

झालं. तेव्हापासून जी आधी बोलेल ती धाकटी ठरेल, म्हणून दोघीही गप्प. रांजण शेजारी शेजारी, पण राख हवी, नीळ हवी, तर निरोप सेगिलोलाची मुलगी मोरेनिके पोचवायची. हट्ट दोघींचाही सारखाच, त्यात डावंउजवं करायला जागा नव्हती.

त्या दिवशी सकाळीच मोरेनिके गाडी ठरवून आली. आईच्या बोटांना आता ओलं सोसत नव्हतं. ती तिला कायमची इबादानला घेऊन चालली होती.

"काकू, आईचं शेवटचं कापड निघालं की आम्ही निघतोच," ती म्हणाली.

"बरं," अवेरो म्हणाली. न बोलायला का होईना, तिला सेगिलोला शेजारी हवी होती. शिवाय वाटेला लागणाऱ्या माणसाला दोन शब्दही न बोलता जाऊ द्यायचं, असं तिने वैऱ्याशीसुद्धा केलं नव्हतं. तोंड उघडायला गेली की मात्र बारसं आठवायचं आणि ओठ मिटायचे.

सेगिलोला रांजणावर वाकून कापड खालीवर करत होती. अवेरो बघत राहिली. रांजणाशी राबणारीला येणाऱ्याजाणाऱ्याने "आरेदू" म्हणायचं असतं. जो वाटेने येईल त्याने म्हणायचं, तिथे थोरलं-धाकटं कुणी बघत नाही. हे तिने कितीतरी सुनांना शिकवलं होतं. पण त्या दोघी कायम आपापल्या रांजणाशी. वाटेने येणारी कोण?

अवेरो उठली, हात पुसले आणि मागच्या दाराने निघाली.

"कुठे निघालात, काकू?"

"बाजारात."

मसाल्याच्या दुकानांवरून, शिंप्याच्या ओट्यावरून वळसा घालून ती धापा टाकत पुढच्या फाटकातून आत आली. परक्या बाईसारखी. सेगिलोलासमोर थांबली.

"आरेदू ओ!"

सेगिलोलाचे हात रांजणातच थांबले. तिने मान वर केली. डोळे भरून आले होते, पण ती गप्प बसणारी थोडीच!

"इतकी वर्षं रस्ता सापडत नव्हता होय गं?"

"लांबचा होता," अवेरो म्हणाली.

सेगिलोलाने रांजणाचा काठ धरला आणि ती हळूहळू खाली गेली. दोन्ही गुडघे ओल्या मातीत. बारशाला राहिलेलं आज करत होती.

"अगं, अगं! वयाने मोठी तू!" म्हणत अवेरोही धपकन गुडघ्यावर आली.

दोघी एकमेकींसमोर टेकलेल्या. मग उठायला गेल्या, तर गुडघे काही ऐकेनात. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. मोरेनिके धावत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"परत भांडलात का?"

"नाही गं. उठव आम्हाला."

"आधी कुणाला उठवू?"

"थोरलीला!" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि दोघींची निळी बोटं एकमेकींकडे वळली.