तारेबाहेरची सावली

सावलीकाकू दिवसभर चटईवर बसायची, पण एका जागी कधीच नाही. ऊन पायाच्या अंगठ्याला लागलं की उठायची, चटई वीतभर ओढायची आणि पुन्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची. आमच्या गल्लीत कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारत नसे. साळ्याची विधवा, घरात एक माग, गणपत नावाचा एकुलता मुलगा आणि ओट्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकणारी ती चटई, एवढा तिचा संसार. "ऊन आपल्या मागं लागतंय," ती म्हणायची, "सावलीच्या मागं आपल्याला लागावं लागतंय. त्यात लाज कसली?"

मी घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करून वर आलो. नगरात पहिल्यांदा आलो तेव्हा काकूनं ओट्यामागची खोली दिली. भाडं काय म्हणून मी विचारलं आणि ती बोलायच्या आतच "एवढं झेपणार नाही" म्हणून मोकळा झालो. काकू हसून हसून चटईवर आडवी झाली. "आरं दलाला, मी अजून त्वांड उघडलं न्हाई आन् तू भांडून बसलास!" त्या दिवसापासून मी तिचा दलाल झालो.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. बोटांवरून समोरच्याची गरज कळते, हट्ट कळतो, कुठं वाकेल तेही कळतं. या बोटांच्या जोरावर मी भल्याभल्यांना घाम फोडला. काकूला मात्र घासाघीस ठाऊक नव्हती. वांगीवालीनं सांगितला तो भाव ती द्यायची. मी चिडून वांगीवालीवर धावून गेलो की मलाच दटावायची, "बस कर. तिनं उन्हातनं पाटी आनलीया. तू सावलीत हुबा ऱ्हाऊन भांडतूस."

वर्षातून एक दिवस मात्र ती सबंध गल्लीवर हुकूम गाजवायची. कार्तिकात आवळीभोजनाला सगळ्यांना घेऊन ती गावाबाहेरच्या बागेत जायची. बाग बादशाही काळातली. मधे कोरडा हौद, फुटके दगडी पाट, आणि चिंचा-आंब्यांची अशी दाट सावली की दुपारीही अंगावर शहारा यावा. ही बाग गावाचीच मानली जायची, देखरेख पंचांकडे असायची. पूर्वेच्या कडेला एक आवळा होता. त्याची सावली विरळ, चाळणीतून पडल्यासारखी. इतकी गर्द झाडं सोडून काकू त्या चाळणीखालीच पंगत मांडायची. माझी बैलगाडी भांड्यांनी भरायची, पोरं हौदात उतरायची, बायका झाडाला दोरा गुंडाळायच्या, आणि काकू चटई सरकवत सरकवत सगळ्या पंगतीला झाडाभोवती फिरवायची. "उठा, उठा, ऊन आलं!" हातात घास घेऊन उठणाऱ्यांच्या शिव्या ती आनंदानं खायची.

परमुलखात मोठी लढाई सुरू झाली आणि गणपत गोऱ्या सरकारच्या पलटणीत भरती झाला. जाण्याआधीचं त्याचं शेवटचं जेवण त्या आवळ्याखालीच झालं. तो काकूला म्हणाला, "आये, दरसाली माझं पान हितंच मांड. मी यीन तवा कुठं मांडलंय ते शोधायला नको." पुढल्या वर्षी तिनं पान मांडलं, वाढलं आणि नंतर गाईला घातलं. त्यानंतर पलटणीकडून निरोप आला की तो सापडत नाही. गल्लीतल्या बायका रडायला आल्या तर काकूनं त्यांना ओट्यावरून परतवून लावलं. "सापडत न्हाई म्हंजी हरावलाय. हरावलेलं मानूस वळखीच्या जागी येतं."

आणि त्याच साली ती जागा गेली. लष्कराच्या छावणीला मोटारगाड्या ठेवायला जागा हवी होती. पंचांनी बाग देऊन टाकली. कागदावर सह्या केल्या, चहा पिऊन घरी आले. नगरात बोलणी करायला माझ्यासारखा माणूस बसलेला असताना मला एका शब्दानं विचारलं नाही. मी असतो तर निदान एक दिवस मागून घेतला असता. निदान पूर्वेची कड सोडवून घेतली असती. चौकात त्यांतल्या एकाचा सदरा धरून मी हे विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सरकारशी सौदा करतोस काय रे, बैलबाजारातल्यासारखा?" तो सदरा मी फाडला. बाग काही परत आली नाही; तिच्याभोवती काटेरी तार आली आणि फाटकावर पहारा बसला.

कार्तिक आला. मी धोतर-टोपी घालून फाटकावर गेलो. आत टेबलाशी एक कारकून होता, आपल्याच बाजूचा.

"एक दिवस द्या," मी म्हणालो.

"हुकूम नाही."

"अर्धा दिवस. चार बायका जातील, जेवतील, येतील."

"हुकूम नाही हो."

"हुकूम देणारा दाखवा."

"त्यालाही वरून आलाय."

"मग त्याच्या वरचा?"

कारकुनानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "अहो पाहुणे, मीसुद्धा लहानपणी त्याच हौदात खेळलोय. मला काय विचारता?"

सौद्याला समोर हात लागतो. इथं रुमालाखाली माझीच बोटं होती.

परत येऊन मी काकूला सांगितलं, जमलं नाही. हे शब्द तिला माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकायला मिळाले. ती म्हणाली, "गाडी जुप. जेवन तर करायचंच हाय."

बाहेरून बागेला वळसा घालून आम्ही पूर्वेच्या कडेला गेलो. तारेच्या आत दहा हातांवर आवळा उभा होता. बाहेर रखरखीत माळ. दुपार झाली, पोरं भुकेनं कुरकुरू लागली, पण काकू पानं मांडू देईना. चटईची गुंडाळी मांडीवर घेऊन उन्हात बसून राहिली. मी ओरडलो, "काकू, कशाची वाट बघतेस?"

"गप ऱ्हा. ती निघालीया."

सूर्य कलला. आवळ्याची सावली बुंध्यापासून सरकत सरकत तारेपर्यंत आली आणि तारेखालून बाहेर पडली. काकूनं चटई अंथरली. त्या चाळणीत तिनं पहिलं पान गणपतचं मांडलं, वांग्याचं भरीत, भाकरी, गुळाचा सांजा वाढला. आत पहाऱ्यावरचा परमुलखातला कोवळा शिपाई बघत होता. काकूनं भाकरीचा तुकडा तारेतून पुढं केला. "माताजी, हुकुम नहीं है," असं म्हणून तो पाठ फिरवून लांबच्या टोकाला गेला.

"त्येलाबी आडवलंय कुनीतरी," काकू म्हणाली आणि तो तुकडा तिनं गणपतच्या पानावर परत ठेवला.

पुढल्या कार्तिकात आम्ही तिथंच गेलो. आवळा नव्हता. तो तोडून जागा मोकळी केली होती; ताडपत्री घातलेल्या गाड्या बऱ्याच आतवर उभ्या होत्या, त्यांची सावली बाहेर पोचणारी नव्हती. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण द्यायच्या कुणाला? काकू म्हणाली, "बसू या." आम्ही बसलो. सूर्य कलला. चटईवर तेवढी तारेची सावली आली, आखून काढल्यासारख्या रेघा. काकूनं त्यांवरून बोट फिरवलं, गणपतचं पान मांडलं नाही, चटई गुंडाळली. "चल दलाला."

लढाई संपली, तार निघाली. पंचांनी बाग परत मिळवल्याबद्दल एकमेकांना हार घातले. त्या हारांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. मी काकूला बोलवायला गेलो. ती म्हणाली, "कुठं मांडू?"

गणपत आला नाही. काकू ओट्यावर बसायची तशीच बसत राहिली. फक्त ऊन अंगठ्यावरून पोटरीवर, पोटरीवरून मांडीवर, तोंडावर चढलं तरी उठायची नाही. एका दुपारी मला बघवलं नाही. मी वाकून चटईचं टोक धरलं आणि म्हणालो, "काकू, जरा ऊठ. सरकवतो."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मी टोक धरून तसाच उभा राहिलो.